नावाचे मोल

मुलाचे नाव ठेवणे ही गोष्ट आपण फार सोपी समजतो. आजोबांचे किंवा आजीचे, नाहीतर ज्या संताच्या सणाला मूल जन्मले त्या संताचे नाव ठरवावे, स्नानसंस्काराच्या दिवशी ते धर्मगुरूंना सांगावे, नोंदवहीत लिहून घ्यावे, की आपले काम झाले असे आपणांस वाटते. पण ठेवणारा एकदाच ठेवतो आणि ते वागवणारा जन्मभर वागवतो. तेव्हा नाव नेमके कोणाचे? ज्याने दिले त्याचे, ज्या पूर्वजावरून दिले त्याचे, की ज्याला त्या नावाने हाक मारली जाते त्याचे? आणि ते नाव मुलाला जड होऊ लागले तर आपण काय करावे?

हा प्रश्न आम्हांस एका लहान मुलीमुळे पडला. आमच्या परिचयातील एक गृहस्थ नोकरीनिमित्त भोरला बदलून गेले. मूळ घर वसईकडचे. पत्नी आणि एक मुलगी एवढाच संसार. कामाचा पुष्कळसा भाग वेल्हे तालुक्यात असल्यामुळे पुढे त्यांनी बिऱ्हाडही तिकडेच हलवले. मुलीचे नाव तिच्या आजीवरून मर्सेडिस असे ठेवलेले. नव्या शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली, त्या या नावापाशी अडखळल्या, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी भोंग्याचा आवाज काढला. दुसऱ्याने विचारले, ‘‘मग तुझ्या बहिणीचं नाव मारुती का गं?’’ सारा वर्ग हसला. मुले हसली त्यात द्वेष नव्हता. त्या वयाची मुले कशालाही हसतात. पण हसण्याचा हा क्रम दोन महिने चालला, तेव्हा मुलीने घरी येऊन सांगितले, ‘‘मला दुसरं नाव द्या. साधं द्या.’’

गृहस्थ पुण्यास आले असता आमच्याकडे आले. म्हणाले, ‘‘राजपत्रात देऊन नाव बदलून टाकावं म्हणतो. आई आता हयात नाही, त्यामुळे तिला वाईट वाटायचं कारण नाही. पण तुम्ही सांगा, स्नानसंस्कारात दिलेलं नाव टाकलं तर पाप तर नाही ना लागणार?’’

आम्ही त्यांना त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. पुढील विचार त्यानंतरचा आहे.

मर्सेडिस हे नाव स्पेनचे. तेथे त्याचा उच्चार मेर्सेदेस असा होतो. स्पेनमध्ये पवित्र मरियेची भक्ती मोठी, त्यामुळे मुलींना मरियेचे नाव ठेवण्याची चालही मोठी. पण घरोघरी मरियाच झाल्यावर त्यांना ओळखावयाचे कसे? म्हणून मरिया या नावापुढे मातेचे एखादे बिरुद जोडीत आणि कालांतराने व्यवहारात बिरुदच नाव होऊन बसे. दुःखांची मरिया ती दोलोरेस, सांत्वनाची ती कोन्सुएलो, स्तंभावरची ती पिलार, उपायांची ती रेमेदियोस आणि दयेची मरिया ती मेर्सेदेस. वसईतील रमेदी हे गावाचे नाव आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. ते या रेमेदियोसचेच पोर्तुगीज भावंड. त्याच वसईतील मर्सेस हे गाव मेर्सेदेसचे भावंड. ज्यांच्या तोंडी ही गावे रोज असतात त्यांनाही पुष्कळदा या नात्याची जाणीव नसते.

पण या नावातील दया म्हणजे नुसता कळवळा नव्हे. त्यामागे इतिहास आहे. तेराव्या शतकात भूमध्य समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर माणसे पकडून नेण्याचा आणि विकण्याचा धंदा चाले. ख्रिस्ती लोक मुसलमानांना धरीत आणि मुसलमान ख्रिस्ती लोकांना. ज्यांच्या घरी पैसा होता ते खंडणी भरून सुटत. गरिबांना कोणी वाली नसे. १२१८ साली बार्सिलोना शहरात पेद्रो नोलास्को याने या बंदिवानांना सोडवण्यासाठी एक संघ स्थापन केला आणि त्याला दयामातेचे नाव दिले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकपणा ही तीन व्रते तर सर्वच संघांत असतात. या संघाने चौथे व्रत घेतले: पैसा अपुरा पडला आणि बंदिवानाची श्रद्धा धोक्यात असली, तर त्याच्या जागी आपण स्वतः ओलीस राहावयाचे. २४ सप्टेंबर हा दयामातेचा सण. बार्सिलोना शहर तो आजही आपला मुख्य उत्सव म्हणून साजरा करते.

शब्दाचे मूळ पाहिले तर आणखी एक गोष्ट कळते. लॅटिनमध्ये ‘मेर्सेस’ म्हणजे मजुरी, मोबदला, मोल. मोल देऊन माणूस सोडवावयाचा, आणि मोल संपले तर आपणच मोल व्हावयाचे, असा हा अर्थ आहे. ज्या प्रभूने आपले मोल देऊन आपणांस सोडवले असे आपण मानतो, त्याच्या मातेला हे बिरुद शोभते यात नवल नाही.

आता हे नाव आपल्यात कितपत आढळते? स्पेनची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था नावांची मोजदाद करते. देशात ज्या नावाच्या वीस किंवा अधिक व्यक्ती आहेत असे प्रत्येक नाव तेथे नोंदले जाते. ते किती जणांचे आहे, कोणत्या प्रांतात अधिक आहे, त्या लोकांचे सरासरी वय किती आहे, हे सारे तीत मिळते. त्या मोजदादीप्रमाणे मेर्सेदेस हे नाव आज नातींपेक्षा आज्यांमध्ये अधिक आढळते. आपल्याकडे जनगणनेत धर्म मोजतात, भाषा मोजतात, नावे मोजत नाहीत. २०११ च्या गणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे शंभरात एकाहूनही किंचित कमी. पण त्यांत मर्सेडिस किती, हे कोणी सांगू शकणार नाही.

तरी आपणांजवळ दुसरी एक नोंद आहे, ती म्हणजे धर्मग्रामाची स्नानसंस्काराची वही. वाचकांनी आपापल्या घरातील चार पिढ्यांची नावे एका ओळीत लिहून पाहावीत. पणजीच्या पिढीला पोर्तुगीज वळणाची नावे, आजीच्या पिढीला पाश्चात्त्य संतांची लांबलचक नावे, आईच्या पिढीला त्यांचीच इंग्रजी रूपे, आणि मुलांना स्नेहा, करुणा, कृपा, आनंद अशी मराठी नावे, असा क्रम बहुतेक घरी दिसेल. जेथे गावाचे नाव मर्सेस होते तेथे आजी मर्सेडिस झाली, मावशी मर्सी झाली आणि नात दया झाली. अर्थ एकच, पोशाख चार. इंग्रजी मर्सी आपल्याकडे पुष्कळ आढळते. पूर्ण स्पॅनिश रूप मात्र विरळ. आमच्या परिचयातील या मुलीला भोर-वेल्ह्यात आपल्या नावाची दुसरी मुलगी भेटण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. सबंध वेल्हे तालुक्याची वस्तीच मुळी २०११ साली सुमारे ५४ हजार; त्यात आपली घरे अगदी थोडी.

मग वर्गातील मुलांनी हे नाव ऐकले कोठे? त्याचीही एक कथा आहे. एमिल येलिनेक नावाचा एक व्यापारी फ्रान्समधील नीस शहरी राहून मोटारी विकीत असे. व्हिएन्नाचे नामांकित ज्यू धर्मगुरू आडोल्फ येलिनेक यांचा हा मुलगा. १८८९ साली त्याला मुलगी झाली, तिला घरात मेर्सेदेस म्हणत. हे नाव आपणांस लाभते अशी त्याची समजूत होती, म्हणून मोटारींच्या शर्यतीतही तो याच नावाने उतरे. त्याच्या आग्रहावरून डाइमलर कंपनीने १९०१ साली बाहेर आलेल्या आपल्या नव्या मोटारीला हे नाव दिले आणि १९०२ साली ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. १९०३ साली बापाने स्वतःच्याही आडनावाला मुलीचे नाव जोडून घेतले. मुलगी स्वतः १९२९ साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच, वारली. नाव मात्र जगभर गेले. आपल्या पुणे जिल्ह्यात त्या मोटारींचे उत्पादन १९९५ साली सुरू झाले आणि २००९ पासून चाकणला त्यांचा स्वतंत्र कारखाना उभा आहे. भोर-वेल्ह्यातील तरुण चाकणच्या पट्ट्यात कामाला जातात. तेव्हा त्या वर्गातील मुलांनी हा शब्द घरात ऐकला असेल तो असा: फार महाग, आपल्याला कधी न मिळणारी वस्तू. गरीब बंदिवानांना सोडवणाऱ्या मातेचे बिरुद फिरत फिरत ज्यू धर्मगुरूच्या नातीकडे गेले, तिच्याकडून मोटारीकडे आले आणि आता ते श्रीमंतीची खूण झाले आहे. यात दोष कोणाचाच नाही. शब्द प्रवासाला निघाला की तो कोणत्या घरी उतरेल हे सांगता येत नाही.

हे सर्व आम्ही त्या गृहस्थांना सांगितले असते, तरी त्यांचा प्रश्न सुटला नसता. त्यांची बाजू आम्ही प्रामाणिकपणे मांडून पाहिली, आणि ती हलकी नाही असे आम्हांस दिसले. ते म्हणतील, अर्थ कितीही थोर असो, तो पुस्तकात आहे. भोंग्याचा आवाज वर्गात आहे. आठ वर्षांच्या मुलीने बाराव्या-तेराव्या शतकाचे ओझे का वाहावे? शिवाय ही नावे आपल्याकडे आली ती कशी? पोर्तुगीज वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत राज्य करीत होते. नावे त्यांच्या जहाजांतून आली. ज्यांनी आपल्या भूमीत दयामातेची मंदिरे बांधली त्यांच्याच अमलात गोव्याच्या बाजारात माणसेही विकली जात. मग त्या नावाशी निष्ठा कसली? साधे मराठी नाव ठेवले म्हणून मुलगी कमी ख्रिस्ती होणार आहे काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. होणार नाही. पूर्वीच्या धर्मशास्त्रात, म्हणजे १९१७ च्या संहितेत, पालकांनी ख्रिस्ती नाव न दिल्यास धर्मगुरूने एखाद्या संताचे नाव जोडून ते नोंदवावे, असा दंडक होता. १९८३ च्या संहितेने एवढेच सांगितले की, ख्रिस्ती भावनेला विसंगत असे नाव देऊ नये. दया, करुणा, क्षमा ही नावे त्या भावनेला विसंगत तर नाहीतच, उलट ती तिच्या अगदी मध्यावरची आहेत. तेव्हा पापाचा प्रश्न उरत नाही. पण पाप नाही म्हणजे ती गोष्ट योग्यच, असे होत नाही. मधला प्रदेश मोठा असतो आणि माणसाचे बहुतेक निर्णय त्या प्रदेशातच होतात.

ज्या भूमीत हे कुटुंब राहावयास गेले, ती भूमीच या बाबतीत काही शिकवते. वेल्ह्याचा राजगड पूर्वी मुरुंबदेवाचा डोंगर म्हणून ओळखला जाई. शिवाजी महाराजांनी तेथे राजधानी वसवली, नाव राजगड ठेवले आणि ते असे रुजले की जुने नाव आता इतिहासाच्या अभ्यासकांपुरते उरले. त्याच्या शेजारी तोरणा. महाराजांनी त्याचे नाव प्रचंडगड ठेवले. पण आजही गडाच्या वाटेवर कोणा गुराख्याला विचारा, तो तोरणाच म्हणेल. भोरजवळच्या रोहिड्याला विचित्रगड हे दुसरे नाव आहे आणि दोन्ही नावे नांदत आहेत. भाटघरचे धरण पाहा. तेथल्या पहिल्या जलाशयाला एका इंग्रजाचे, व्हायटिंगचे नाव होते. १९२७ साली पुरे झालेल्या मोठ्या धरणाला गव्हर्नर लॉइड यांचे नाव मिळाले. आता जलाशयाला येसाजी कंक यांचे नाव आहे. लोक मात्र पहिल्यापासून भाटघर म्हणत आले. आणि अगदी अलीकडे, २०२४ च्या मार्चमध्ये, खुद्द वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नाव परक्याने दिले की आपल्याने दिले, नवे आहे की जुने, एवढ्यावरून ते टिकत नाही. ज्या नावाने लोक प्रेमाने वा गरजेने रोज हाक मारतात ते नाव त्या जागेचे होते. आपल्या पूर्वजांनी हेच केले. इग्नासियोचा इनास झाला, कायतानोचा कायतान झाला, सेबास्तियांवचा बस्त्यांव झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणात प्रभूचे नावही जेजू असे आपल्या जिभेवर बसवून घेतले. परके नाव वापरता वापरता आपले झाले. म्हणून ‘हे नाव परके आहे’ एवढे कारण ते टाकण्यास पुरेसे नाही. आणि ‘हे नाव जुने आहे’ एवढे कारण ते ठेवण्यासही पुरेसे नाही.

मग कसोटी कोणती? अर्थ ही कसोटी मानावी तर तीही अपुरी पडते. मावळात जुन्या पिढीत दगडू, धोंडू, केरू अशी नावे पुष्कळ. शब्दकोशात पाहिले तर दगड, धोंडा आणि केर. पण ज्या घरी दोन-तीन मुले जाऊन एक राहिले, तेथे ‘याच्यावर कोणाची दृष्ट न पडो’ म्हणून हे नाव ठेवीत. त्या दगडात आईचा सारा जीव असे. आता याच्या शेजारी दुसरे नाव ठेवून पाहू. भोरच्या दक्षिणेला लागून असलेल्या सातारा जिल्ह्यात, मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचे नाव नकोशी ठेवण्याची चाल होती. ऑक्टोबर २०११ मध्ये तेथील जिल्हा प्रशासनाने अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली. त्यांतील कित्येकींनी आपले नाव आपणच निवडले. दगडू आणि नकोशी ही दोन्ही नावे कमीपणाचीच. पण पहिल्यात मुलाला जपण्याची इच्छा आहे आणि दुसऱ्यात मुलीला नाकारण्याची. म्हणून दगडू मोठा होऊन अभिमानाने सही करतो, आणि नकोशीला प्रत्येक हजेरीला पुन्हा एकदा नाकारले जाते.

आम्हांस कसोटी येथे सापडते. ज्या नावात नाकार आहे ते बदलणे हे कर्तव्य आहे. तेथे परंपरा, आजी, गावची चाल, काहीच आड येऊ नये. गावगाड्यात ज्यांची नावे कधी पुरी उच्चारलीच गेली नाहीत, रामाचा ज्यांनी राम्याच ऐकला, अशा कितीतरी आपल्याच पूर्वजांना स्नानसंस्काराच्या दिवशी पहिल्यांदा पुरे नाव मिळाले. त्यांनी जुनी हाक टाकली ती योग्यच केले. ती एक सुटकाच होती. पण ज्या नावात स्वीकार आहे आणि केवळ ऐकणाऱ्याला अर्थ ठाऊक नाही म्हणून हसू येते, तेथे नावाचा दोष नाही. तेथे सांगणाऱ्याने सांगितले नाही, एवढाच दोष आहे. आणि तो दोष मुलीचा नव्हे, आपला आहे.

संत लूकने सांगितलेली जखऱ्याची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. बाळाच्या नामकरणाला नातलग जमले. बापाचेच नाव ठेवावे असा त्यांचा आग्रह. आई म्हणाली, याचे नाव योहान. नातलगांना नवल वाटले. तुमच्या कुळात तर या नावाचे कोणीच नाही. शेवटी मुक्या बापाने पाटी मागवून तेच नाव लिहिले. योहान या नावाचा अर्थ ‘परमेश्वर कृपाळू आहे’ असा होतो. म्हणजे कुळात नसलेले, लोकांना नवल वाटणारे नाव हीच काही आजची अडचण नव्हे. पण त्याच शास्त्रात अब्रामचा अब्राहाम होतो, याकोबचा इस्राएल होतो, शिमोनाचा पेत्र होतो. नाव बदलणे त्यात निषिद्ध नाही. फरक एवढाच, की तेथे नवे नाव मिळते ते पळून जाण्यासाठी मिळत नाही. नवे काम अंगावर आले म्हणून मिळते.

असा विचार करून आम्ही त्या गृहस्थांना कळवले, ‘‘नाव बदलले तर पाप नाही. नाव ठेवलेच पाहिजे असेही नाही. पण मुलीला एकदा तिच्या नावाचा अर्थ सांगा, आणि मग तिलाच विचारा.’’ आम्हांस वाटले, आपण शहाणपणाचे उत्तर दिले.

त्यांनी एका रात्री जेवण झाल्यावर मुलीला बार्सिलोनाची गोष्ट सांगितली. पकडून नेलेली माणसे, त्यांच्या पायांतील बेड्या, पैसे जमवून त्यांना सोडवायला जाणारे लोक, आणि पैसे संपले की ‘याला सोडा, मला ठेवा’ म्हणून पुढे होणारा माणूस. मुलीने लक्ष देऊन ऐकले. मग विचारले, ‘‘आजीने कोणाला सोडवलं?’’ बाप म्हणाला, ‘‘आजीचं फक्त नाव होतं.’’ मुलीने पुन्हा विचारले, ‘‘मग आपण कोणाला सोडवलं?’’

गृहस्थांनी हे आम्हांस सांगितले तेव्हा ते हसत नव्हते. आम्हीही हसलो नाही. आम्ही नावाच्या मुळाशी जाऊन आलो होतो, संहिता पाहिल्या होत्या, गडांची नावे जुळवली होती. पण हा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता. आपण नावाकडे वारसा म्हणून पाहत होतो. मुलीला ते नाव कोणीतरी अंगावर टाकलेले काम वाटले.

आणि सोडवण्यासारखे कोणी आता उरलेच नाही असे कोणी म्हणू नये. भोर-वेल्ह्याच्या डोंगरकपारीत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैरापासून कात पाडणारे ते कातकरी. कात पाडणे केव्हाच संपले, नाव तेवढे राहिले. यांतील पुष्कळ कुटुंबे पावसाळा सरला की उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. उचल म्हणजे मजुरीच्या आधी घेतलेले पैसे. ते फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही आणि हिशोब मुकादमाच्या वहीत असतो. १९७६ साली वेठबिगारी नष्ट करणारा कायदा झाला. तरी ज्याचे मोल आधीच दुसऱ्याच्या खिशातून आले आहे, त्याला आपण मोकळा माणूस म्हणू शकू काय? मेर्सेस या लॅटिन शब्दाचा मजुरी हा अर्थ येथे पुन्हा आठवतो. बार्सिलोनाच्या माणसांना समुद्र ओलांडावा लागे. येथे शाळेच्या हजेरीपटावर पाहिले तरी पुरते.

याच शहरात जन्मलेला एक माणूस महाराष्ट्रात येऊन गेला आहे, त्याचे स्मरण येथे करावेसे वाटते. विन्सेंट फेरेर हे १९२० साली बार्सिलोनात जन्मले, १९५२ साली भारतात आले आणि मनमाड परिसरात त्यांनी कोरडवाहू शेतकऱ्यांना विहिरी खोदण्यास मदत केली. त्या वेळी ते येशूसंघीय होते. १९६८ साली त्यांच्याविरुद्ध चळवळ उठून त्यांना देश सोडावा लागला. पण पुढच्याच वर्षी ते परत आले आणि आंध्रातील अनंतपूर जिल्ह्यात २००९ साली मृत्यू येईपर्यंत राबले. त्यांचे नाव मर्सेडिस नव्हते. पण विहीर खोदणाऱ्याचे कर्ज सुटते, आणि कर्ज सुटलेला माणूस मान वर करतो, हे त्यांना कळले होते.

मुलीच्या वर्गात एक कातकरी मुलगी होती. दिवाळीनंतर ती दिसेनाशी झाली. हजेरीत तिच्या नावापुढे रोज गैरहजेरीची खूण पडू लागली. त्या वर्गात जी एकटी आपल्या नावाला हसली नव्हती ती हीच, असे आमच्या छोट्या मर्सेडिसने घरी सांगितले. आईवडील बाईंना भेटले, वाडीवर गेले. मुलगी आईबापांबरोबर भट्टीवर गेली होती. तिची आजी वाडीवरच राहत होती. पुढच्या वर्षी आईबापांशी बोलून असे ठरले की मुलीने आजीजवळ राहावे, संध्याकाळी या घरी येऊन अभ्यास करावा आणि जेवून परत जावे. वडिलांनी तिला पोचवून यावयाचे. एवढेच झाले. आईबापांची उचल तशीच आहे. भट्टी तशीच आहे. हिला कोणी सुटका म्हणणार नाही, आणि त्या कुटुंबानेही तसे म्हटलेले नाही.

या गोष्टीला आता चार वर्षे झाली. राजपत्रात काही दिले गेले नाही. अठरा वर्षांची झाल्यावर नाव ठेवावे की बदलावे हे मुलीने स्वतः ठरवावे, असे आईवडिलांनी तिला सांगून ठेवले आहे, आणि ते योग्यच आहे. नाव शेवटी ज्याला हाक मारली जाते त्याचे असते. वर्गात भोंग्याचे आवाज कधी बंद झाले हे तिला आठवत नाही. कातकरी वाडीवरच्या आजींना मर्सेडिस म्हणता येत नाही. त्या तिला ‘मर्शे’ म्हणून हाक मारतात, आणि ती ओ देते.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे मिळाले. आपण मुलांना नावे देतो तेव्हा त्यांना काहीतरी देऊन मोकळे होतो असे समजतो. वस्तुतः त्या क्षणी आपण एक कर्ज करतो. दया नाव ठेवले तर घरात दया दिसली पाहिजे, क्षमा ठेवले तर क्षमा दिसली पाहिजे. नाहीतर मूल एखाद्या रात्री विचारील आणि आपणांजवळ उत्तर नसेल. विरळ नाव आणि सर्वत्र आढळणारे नाव यांत या बाबतीत फरक नाही. विरळ नावाचा एवढाच गुण, की लोक थांबून अर्थ विचारतात. आपल्या धर्मग्रामातील जुन्या नोंदवह्यांत अशी कितीतरी नावे पडून आहेत. ती पुन्हा ठेवावीत की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ज्यांनी ती आधीच ठेवलेली आहेत त्या सर्वांनी, म्हणजे आपण सर्वांनी, आपापल्या नावाचा अर्थ एकदा मुलांना सांगावा, आणि त्यांचा पुढचा प्रश्न ऐकून घेण्याची तयारी ठेवावी.